मंगोलियन-डॅनिश रोजच्या बोलण्यासाठी गूगल ट्रान्सलेट: कुठे चालतं, कुठे अडतं

पाचपैकी तीन तारे. दुकान, बसथांबा, पत्ता, किंमत एवढ्यापुरतं बिनधास्त वापरा. कुणाच्या घरी जेवायला जाणार असाल, तर फक्त फोनवर विसंबू नका.

गूगलमध्ये मंगोलियन २०१३ साली आली, डॅनिश त्याच्या बरीच आधीपासून आहे. पण या दोन भाषांमध्ये थेट अनुवाद झालेला मजकूर मुळातच तुटपुंजा, त्यामुळे अशा जोडीत इंग्रजीचा टेकू लागतो. बऱ्याच गडबडी तिथेच होतात. मंगोलियनमध्ये वडीलधाऱ्यांना 'ता' आणि बरोबरीच्यांना किंवा लहानांना 'ची' म्हणतात. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. डॅनिशकडे जाताना याने फारसं बिघडत नाही, कारण डेन्मार्कमध्ये जवळपास सगळ्यांना 'दु'च म्हणतात. उलट दिशेला मात्र यंत्र अंदाज करतं, आणि सासूबाईंना 'ची' गेलं तर शोभत नाही. दुरुस्ती सोपी आहे: मंगोलियन क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, म्हणून 'ची'च्या जागी 'ता' आणि 'चिनी'च्या जागी 'तानी' टाकलं की बाकीचं वाक्य तसंच चालतं.

नात्यांचं तर हसूच येतं. मामाला मंगोलियनमध्ये 'नागत्स आख', काकाला 'आवगा आख'. डॅनिशमध्येही 'मोरब्रोर' आणि 'फारब्रोर' वेगळे. दोन्ही टोकांना भेद शाबूत आणि मधल्या इंग्रजीत नुसता 'अंकल'! (मध्ये मराठी असती तर हा प्रश्नच आला नसता.) असं वाक्य 'आईचा भाऊ' अशा फोडीने लिहा.

वेळ ठरवताना जास्त सांभाळा. डॅनिश 'हॅल फेम' शब्दशः 'अर्धा पाच', पण अर्थ साडेचार. मंगोलियन 'दोरोव खागास', म्हणजे 'चार-अर्धा', तेही साडेचारच. ब्रिटिश इंग्रजीत मात्र 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. शब्दाला शब्द लागला की समोरचा माणूस तासभर उशिरा येणार. सरळ १६:३० असं आकड्यात लिहा.

टाइप करताना सिरिलिक (रशियनसारख्या लिपीचा) कीबोर्डच लावा. बरेच मंगोलियन लोक मेसेज रोमन लिपीत लिहितात, आणि त्यात पाणी आणि केस हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. सिरिलिकमध्ये पहिलं अक्षर वेगळं आहे, म्हणून घोळ होत नाही. 'भाषा ओळखा' या पर्यायावरही न सोडता भाषा स्वतः निवडा. चीनमधल्या इनर मंगोलियातली उभी लिपी असेल, तर या सिरिलिक सोयीचा उपयोग नाही. आवाजाने बोलून भाषांतर करायचं तर डॅनिशची बाजू अवघड: 'हुन' (ती) आणि 'हुन्द' (कुत्रा) यांतला 'द' ऐकूच येत नाही, फरक फक्त घशातल्या एका झटक्याचा. नवशिक्यांनी लिहूनच दाखवावं.

खरी कसोटी ठरीव बोलांची. जेवण झाल्यावर डेन लोक 'टाक फॉर मॅद' (जेवणाबद्दल आभार) म्हणतात, मागच्या भेटीची आठवण ठेवून पुढच्या भेटीत 'टाक फॉर सिस्त' (मागच्या वेळेबद्दल आभार). मंगोलियात गेरजवळ (लोकरी नमद्याच्या गोल तंबूघराजवळ) पोहोचलं की 'नोखोइ खोर', म्हणजे कुत्रा आवरा, अशी हाक मारतात. दार वाजवण्याऐवजी हाच रिवाज, अंगणात कुत्रा नसला तरी. हे बोल शब्दशः उतरले की व्याकरण बरोबर आणि अर्थ गायब. उलट भाषांतर करून पाहण्याची नेहमीची युक्ती इथे फसवते, कारण शब्दशः गेलेलं वाक्य शब्दशः परतही येतं आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून 'टाक फॉर सिस्त' टाकू नका. 'त्या दिवशी तुमच्याकडे खूप छान वाटलं' असं साधं डॅनिश वाक्य लिहा आणि मग बटण दाबा.