एप्सन व्ही६००: अल्बमसाठी झकास, स्लाइड्सना सबुरी हवी

सासऱ्यांच्या कपाटातले अल्बम आणि स्लाइड्सचे डबे बुरशीने गिळायच्या आत वाचवायचे होते, म्हणून हा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर घेतला. याच्या झाकणातही दिवा आहे, त्यामुळे स्लाइड्स आणि निगेटिव्ह दोन्ही होतात. साध्या ऑफिस स्कॅनरवर स्लाइड नुसती काळी येते. पण साच्यात एका वेळी चारच स्लाइड्स बसतात. डबाभर असतील तर आठवडा गेलाच समजा.

खरी कमाल डिजिटल आइसची, म्हणजे धूळ-ओरखडे काढणाऱ्या सोयीची. इन्फ्रारेड प्रकाश फिल्मच्या रंगांतून आरपार जातो, धूळ-ओरखड्यांवर अडतो. तेवढीच जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. माथेरानच्या स्लाइडवर आत्यासासूबाईंच्या गालावरून गेलेला ओरखडा साफ गायब! कृष्णधवल निगेटिव्हला मात्र ते बंदच ठेवा. तिथे फिल्ममधली चांदीच प्रकाश अडवते आणि चेहऱ्याची पार वाट लागते.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला (दर इंचाला किती ठिपके टिपतो तो आकडा) भुलू नका. फोटोंना ६००, स्लाइड्सना २४०० पुरे. त्यापुढे फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही. हवेचा ब्लोअर घ्याच, कोरड्या फडक्याने काच पुसली की उलट जास्त धूळ चिकटते. नुसते कागदी फोटोच असतील, तर एवढा खर्च कशाला? साधा स्कॅनर चालेल.