सिंकथिंग : घरच्या सर्व्हरवरचे दीड वर्ष

आमच्या कोथरूडच्या घरातले चार फोन, दोन लॅपटॉप आणि तपकीर गल्लीतून घेतलेला एक जुना मिनी पीसी यांच्यातल्या फायली गेले दीड वर्ष सिंकथिंग सांभाळत आहे. हे मुक्त सॉफ्टवेअर फायली कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता एका यंत्रावरून थेट दुसऱ्या यंत्रावर नेते, आणि हे काम ते इतके निमूटपणे करते की आठवडेच्या आठवडे त्याची आठवणही होत नाही.

मिनी पीसी घेताना दुकानदाराने डिस्क ‘जवळजवळ नवीन’ असल्याचे सांगितले होते. काउंटरवरच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून स्मार्टसीटीएल या डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या साधनाने तपासले, तेव्हा ती ३१ हजार तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे अखंड चाललेली निघाली. दुकानदाराने अवाक्षर न काढता दुसरी डिस्क काढून दिली. त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली आणि हा मिनी पीसीच घरचा सर्व्हर झाला.

सिंकथिंगचे नियंत्रण पान ब्राउझरमध्ये ८३८४ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) उघडते, पण मुळात ते त्याच यंत्रापुरते मर्यादित असते. ते घरातल्या साऱ्या नेटवर्कला खुले करण्यापेक्षा एसएसएच टनेलमधून, म्हणजे दोन यंत्रांमधल्या कूटबद्ध जोडणीतून, उघडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आता चुकीविषयी, आणि ती सर्वस्वी माझी. फोनची जागा भरली म्हणून आईने दिवाळीतले फोटो पुसले. भाच्याने केलेल्या किल्ल्याचे फोटोही त्यांतच होते. काही मिनिटांत ते सर्व्हरवरूनही गेले. फोनचे फोल्डर ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारे) आणि सर्व्हरचे ‘रिसीव्ह ओन्ली’ (फक्त घेणारे) केल्यावर आपण सुरक्षित आहोत, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पुसणे हाही एक बदलच असतो आणि तो इमानेइतबारे पोहोचवला जातो. काही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून मिळाले, तेही आकसलेले. त्यानंतर सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला ‘स्टॅगर्ड’ व्हर्जनिंग (जुन्या प्रती टप्प्याटप्प्याने जपण्याची सोय) लावले, ज्यात त्या प्रती पहिल्या महिन्यात रोजच्या आणि पुढे आठवड्याच्या अंतराने, मुळातल्या मांडणीप्रमाणे वर्षभर राहतात. मात्र हे व्हर्जनिंग दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांपुरतेच चालते. सर्व्हरवर आपण स्वतः हाताने पुसलेली फाइल त्यात जात नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

याउलट एका प्रसंगी याच सॉफ्टवेअरने मला वाचवले. आमच्याकडे देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज जाते. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) करून ठेवली होती, पण एकदा फोटो असलेल्या बाहेरच्या डिस्कच्या अडॅप्टरचे बटण बंदच राहिले. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहिलेले होते म्हणून डेबियन इमर्जन्सी मोडमध्ये न अडकता सुरू झाले (हा शब्द प्रत्येकाने लिहावाच). परंतु फोटोंच्या जागी आता रिकामे फोल्डर होते. सगळे पुसले गेले असे समजून सिंकथिंगने तोच निरोप लॅपटॉपांना धाडला असता, तर अनर्थ ओढवला असता. तसे झाले नाही, कारण प्रत्येक फोल्डरमध्ये ते ‘डॉट एसटीफोल्डर’ नावाची एक खूण ठेवते आणि खूण दिसली नाही की ते फोल्डर थांबवून लाल अक्षरांत त्रुटी दाखवते. या एका गोष्टीला पैकीच्या पैकी गुण.

अँड्रॉइडवर मात्र गैरसोय आहे. अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. आता सिंकथिंग-फोर्क हे त्याच्यावरूनच इतरांनी केलेले ॲप वापरावे लागते आणि त्याला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळले नाही, तर ते पार्श्वभूमीवर झोपी जाते. आईच्या फोनवर ही सोय मला दोनदा करावी लागली.

बॅकअपसाठी मी सिंकथिंगवर विसंबत नाही. त्यासाठी दर रविवारी रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने वेगळ्या डिस्कवर प्रत घेतो, ती डिस्क निगडीला भावाकडे ठेवतो आणि महिन्यातून एकदा तिच्यातून एखादे फोल्डर परत काढून उघडून पाहतो. मागच्या वेळी यंदाच्या किल्ल्याचे काढले. सगळे मावळे जागेवर होते.