बोया बीवाय-एम१ कॉलर माईक: जिल्ह्याच्या रिपोर्टरच्या कामाचा

मी कोल्हापुरात एका न्यूज चॅनलचा स्ट्रिंगर आहे, म्हणजे पगार नाही, बातमी लागली की तिचे पैसे, तेही कधी येतील तेव्हा. शूट मीच करतो, बाईट (म्हणजे माणसाचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) मीच घेतो, शूट केलेल्याचं फीडपण चॅनलला मीच पाठवतो आणि बरंचसं काम मोबाईलवर. हा रिव्ह्यू त्या कामापुरता आहे.

माईक घ्यायचं कारण २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं बोटीतनं बाहेर काढत होते, एक आज्जी काठाला उतरल्या उतरल्या दावी सोडून दिलेल्या म्हशींबद्दल बोलायला लागल्या आणि मी मोबाईल तसाच धरून शूट केलं. नंतर ऐकलं तर नुसता वारा आणि बोटीचं इंजिन, आज्जींचं एक वाक्य धड नाही. चॅनलच्या ऑफिसातनं, डेस्कवरनं फोन आला, व्हिज्युअल वापरतो, बाईट चालणार नाही. त्यांचं म्हणणं कुणापर्यंत पोचलंच नाही, ते मला अजून लागतं.

पूर ओसरल्यावर हा घेतला, हजाराच्या आत मिळाला. वायर चांगली ६ मीटर आहे आणि एकट्यानं काम करणाऱ्याला तीच मोठी सोय, मोबाईल ट्रायपॉडवर लावायचा, लांब जाऊन उभं राहायचं, मागं नदी पूर्ण दिसते आणि पीटूसी (आपण कॅमेऱ्याकडं बघून बातमी सांगतो तो भाग) तरी कानाजवळ बोलल्यासारखा येतो. मोबाईलला लावला तर सेलची गरज नाही, कॅमेऱ्याला लावला तर वायरवरच्या डबीत एलआर४४ चा बटण सेल लागतो. काम झालं की डबीवरचं बटण आठवणीनं मोबाईलच्या बाजूला सरकवा, नाहीतर सेल उगाच उतरत राहतो. आणि प्रत्येक वेळी आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून, पिन काढून ऐकायचंच, कितीही घाई असली तरी.

आता कुठं चालत नाही ते. हा चारी बाजूंचा आवाज घेतो, त्यामुळं ऊस आंदोलनात घोषणा सुरू असताना नेत्याचा बाईट यावर घेऊ नका, तिथं बूमच, म्हणजे हातात धरायचा मोठा माईक, तोंडाजवळ धरायचा. तसंही बाईटच्या फ्रेममध्ये चॅनलचा लोगो दिसला पाहिजे असा डेस्कचा आग्रह असतो, म्हणून प्रेस कॉन्फरन्सला बूमच टेबलावर जातो आणि हा वॉकथ्रू (चालत चालत जागा दाखवत बोलणं), पीटूसी, वन टू वन मुलाखतीला. सोबतचा फोम छोटा आहे, घाटावरच्या जोराच्या वाऱ्यात पुरत नाही, बोलणाऱ्याला वाऱ्याकडं पाठ करून उभं करा. आणि फोनला गोल पिनची जागा नसेल तर टाईप-सीचा कनेक्टर लागेल, तो दुकानातच लावून रेकॉर्ड करून बघा, सगळेच कनेक्टर माईकचा आवाज फोनपर्यंत नेत नाहीत.

पण मला तो आवडतो ते वेगळ्याच कारणानं. बूम पुढं केला की साधा माणूस सावध होतो, भाषणासारखं बोलायला लागतो, "शासनानं याची दखल घ्यावी" वगैरे. कॉलरला हा बारका माईक लावला की दोन मिनिटांत विसरतो आणि घरच्यासारखं बोलतो. बायकांच्या बाबतीत मी स्वतः लावत नाही, क्लिप त्यांच्या हातात देतो आणि पदराला कुठं लावायची ते सांगतो.

२०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. शाळेत हलवलेल्या एका आज्जींना विचारलं, "आज्जी, हा पदराला लावता का?" म्हणाल्या, "दे की लेकरा, पर माझं कोण ऐकणार?" बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता तरी त्यांचा शब्द न् शब्द आला, घरात चुलीपर्यंत पाणी कसं चढलं ते सगळं. डेस्कनं तो बाईट न कापता लावला.