स्मृतिभ्रंश शुश्रूषा केंद्र, पुणे : ह्यांच्या अखेरच्या काळातील अनुभव

ह्यांच्या अल्झायमरचे निदान झाल्यावर सहा वर्षे मी घरीच सांभाळले; पण रात्री-अपरात्री कडी काढून हे कचेरीला निघू लागले, तेव्हा मुलीच्या आग्रहावरून या लहानशा केंद्राचा आधार घेतला. तेथील परिचारिका कधीही मागून हात लावत नसत. समोर बसून, नजरेला नजर देऊन, "काका, मी आले आहे," असे सांगूनच अंग पुसायला घेत, आणि एवढ्यानेच ह्यांचे हात उगारणे थांबले. पुढे घास गिळणे जमेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी मला शेजारी बसवून समजावले की, या अवस्थेत नळीने अन्न दिल्यामुळे आयुष्य वाढत असल्याचे दिसत नाही आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही टळत नाही. त्यापेक्षा ताठ बसवून, जमेल तेवढी दाटसर पेज चमच्याने भरवावी. नळी नाकारण्याचा तो निर्णय त्यांनी माझ्या एकटीवर टाकला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रात्रपाळीला माणसे मात्र अपुरी पडत, आणि खर्च निवृत्तिवेतनात भागणारा नाही. अखेरच्या रात्री ओल्या कापसाने ह्यांचे ओठ भिजवण्याचे काम त्यांनी माझ्याच हाती दिले.