आटे गेले: हेलिकॉइल की मोठा बोल्ट?

म्हापशाच्या मावसभावाच्या मोटरसायकलचा क्लच कव्हरचा एक बोल्ट आवळतच नाही, नुसता फिरतो. ‘दादा, मोठे आटे पाडू की हेलिकॉइल बसवू?’ असं तो विचारतोय. हेलिकॉइल म्हणजे भोकात बसवायची स्टीलच्या तारेची गुंडाळी, तिच्या आत बोल्टला नवे आटे मिळतात.

खर्चाला मोठा बोल्ट हलका. सहा मिलिमीटर बोल्टचं भोक ६.८ मिलिमीटर करायचं, आठचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा. पण मग कव्हरचं भोकही वाढवावं लागतं, आणि कडेला ॲल्युमिनियम किती उरतं ते आधी बघ. भिंत पातळ असली तर तडा जातो, आणि पुढच्या वेळी वाढवायला जागाच राहत नाही.

हेलिकॉइलला स्वतःचा खास टॅप लागतो, म्हणून किट महाग. भोक साधारण ६.३ मिलिमीटर, सरळ पडलंच पाहिजे. टॅपला ग्रीस लाव, चुरा त्यात अडकतो. स्टीलच्या तारेची गुंडाळी कडेपासून पाव ते अर्धा फेरा आत न्यायची, मग तळाची शेपटी मोडून काढायची. ती इंजिनात पडता कामा नये! यात मूळचाच बोल्ट चालतो, आणि वारंवार खोलण्याच्या जागी हे आटे ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावच, पण मग आवळताना जोर थोडा कमी.

क्लच कव्हर, स्पार्क प्लग, हेडचे स्टड असतील तर हेलिकॉइलच. ड्रेन प्लगभोवती (ऑइल काढायच्या बोल्टभोवती) धातू जाड असेल, तर बाराचा चौदा करून घ्यायला हरकत नाही.