साखर ओळखणारी चमकती किट : मेसचे पैसे घालून घेतली, रिव्ह्यू घ्या

लॅबला ग्रँट नाही म्हटल्यावर काय करणार, महिन्याच्या मेसचे पैसे घातले आणि फ्लुरोसंट सेन्सर ॲरेची, म्हणजे चमकणाऱ्या डायच्या उजेडावरून साखर ओळखणाऱ्या सेन्सरांच्या संचाची, किट मागवली. पार्सल कोल्हापुरात राजारामपुरीत आलं ते एका ट्यूबचं झाकण ढिलं, अर्धा डाय पिशवीत, दोन दिवस बोटं पिवळी. सप्लायरनं दुसरी ट्यूब पाठवली पण पंधरा दिवसांनी.

वस्तू मात्र नादखुळा! पायरानिन म्हणून डाय आहे, निळ्या लाइटखाली हिरवा चमकतो. त्याला व्हायोलोजेन (उजेड विझवणारा रेणू, त्यावर साखरेला धरणारा बोरॉनिक ॲसिडचा गट) चिकटला की विझतो, मग साखर आली की ती बोरॉनिक ॲसिडला धरते, व्हायोलोजेनची पकड सुटते आणि डाय परत पेटतो. किटच्या प्लेटवरच्या प्रत्येक वेलमध्ये (छोट्या खळग्यात) व्हायोलोजेन वेगळा. एकटा कुठलाच सांगत नाही की हे ग्लुकोज का गॅलॅक्टोज, पण सगळ्यांचा उजेड शेजारी शेजारी ठेवला की प्रत्येक साखरेचा पॅटर्न वेगळा दिसतो.

कोल्हापूरकर म्हटल्यावर आधी काय टाकणार, रंकाळ्यावरचा उसाचा रस! आणि उजेड वाढायचा सोडून उतरला की राव. किटला शिव्या घालून झाल्या, मग डोकं चाललं की रस आंबट आणि हा डाय पीएचला लई नाजूक. पीएच ७.४ वर धरून ठेवणाऱ्या बफरच्या द्रावणात भरपूर पातळ करून परत टाकला तर उजेड जेमतेम हलला, कारण उसात बहुतेक सुक्रोज आणि ते बोरॉनिक ॲसिडला फारसं धरतच नाही. मग फ्रीजमधलं इन्व्हर्टेज (सुक्रोज तोडणारं एन्झाइम) घालून रस अर्धा तास ठेवला, सुक्रोजचे ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले आणि तेच वेल भगाभगा पेटले. पोरं मोबाइल घेऊन धावली!

लघवीतली साखर बघायला गेलं की मात्र गाडी अडकते. ती स्वतःच थोडी चमकते, त्यामुळं तेवढा उजेड वजा करायला त्याच नमुन्याचा डाय न घातलेला ब्लँक ठेवलाच पाहिजे. वर क्षार सकाळी वेगळे दुपारी वेगळे, तो फरक ब्लँकनं निघत नाही. आणि एकच बोरॉनिक गट असलेले व्हायोलोजेन फ्रुक्टोजकडं झुकतात, त्यांच्या भरवशावर ग्लुकोजचा आकडा काढू नका. घरी वडिलांची शुगर बघायची असेल तर सरळ ग्लुकोमीटरची पट्टी घ्या, तिच्यावरचं एन्झाइम मुख्यतः ग्लुकोजच बघतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला, शिकवायला पाचपैकी चार. पॅकिंगला एक. पार्सल फोडताना हातमोजे घाला.