मोठ्या टीममध्ये पायथन – बरेच महिने वापरल्यावर

पायथनसारखी डायनॅमिक टाइपिंगवाली भाषा (व्हेरिएबलमध्ये आकडा आहे का स्ट्रिंग म्हणजे मजकूर, हे कोड चालतानाच ठरतं अशी) मोठ्या टीमला झेपते का, हा वाद काही संपत नाही. बरेच महिने मोठ्या कोडबेसवर रोज पायथनच लिहितोय, तर माझं मत: झेपते, पण टाइप चेकर (कोड न चालवताच हे प्रकार जुळतात का ते बघणारं टूल) सीआयमध्ये, म्हणजे नवा कोड आला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, सक्तीचा असेल तरच.

लोकांना वाटतं त्रास स्पेलिंग चुकण्याचा असतो. छे, बरंचसं लिंटरच (कोडमधल्या ढोबळ चुका दाखवणारं टूल) पकडतो. खरा वैताग डिक्शनरीचा, म्हणजे की (नाव) आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणाऱ्या डेटाचा. एका फंक्शनने डिक्शनरी परत केली, ती चार फाइली ओलांडून दुसऱ्याच टीमच्या कोडमध्ये पोचली, तिथे वाचणाऱ्याला कळेना की आत कुठल्या कीज आहेत, रक्कम आकडा आहे का स्ट्रिंग, का मधूनच नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येतं. मग लिहिणाऱ्याला शोधा, तो सुट्टीवर, मग प्रिंट टाकून चालवून बघा. एखाद्या कीचं नाव बदलायचं म्हटलं तर सगळीकडे सर्च मारून जीव मुठीत धरून मर्ज करायचं. टेस्ट हव्यातच हो, पण एरर हँडलिंगच्या ज्या ओळी टेस्टमध्ये कधी चालतच नाहीत, नेमका तिथेच 'ननटाइप'वाला एरर निघतो आणि तोही प्रोडक्शनला.

टाइप हिंट (कुठे कुठला प्रकार येणार हे कोडमध्येच लिहायची सोय) २०१५ पासून, म्हणजे पायथन ३.५ पासून आहेत. पण कोड चालताना पायथन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हिंटमध्ये इंट (पूर्णांक) लिहा आणि स्ट्रिंग पाठवा, खुशाल घेतो. म्हणून मायपाय नाहीतर पायराइट हा टाइप चेकर वेगळा चालवावा लागतो. त्यातही मायपायची एक गंमत आहे, ज्या फंक्शनला एकही हिंट नाही त्याच्या आतलं तो डीफॉल्टला तपासतच नाही, सीआय हिरवं दिसतं आणि सगळे खूश! अशी फंक्शनंही तपासायचं सेटिंग आधी चालू करा. आणि रिव्ह्यूमध्ये 'एनी' (Any, म्हणजे 'कुठलाही प्रकार चालेल') दिसलं की कारण विचारा, कारण ते एकदा आत शिरलं की पुढचं सगळं तपासणीतून सुटतं.

जुन्या कोडवर एकदम स्ट्रिक्ट (सगळ्यात कडक) मोड लावू नका, एररचा डोंगर बघून लोक चेकरच बंद करतात. एकेक मॉड्यूल घ्या, ज्याला जास्त टीम हात लावतात ते आधी. ड्रॉपबॉक्सने असंच टप्प्याटप्प्याने करत ४० लाख ओळी मायपायखाली आणल्या, २०१९ मध्ये त्यांनी तसं लिहिलंय. डिक्शनरीच्या जागी डेटाक्लास (आत काय काय आणि कुठल्या प्रकारचं आहे हे ठरवून लिहिलेला क्लास) वापरा, आणि बाहेरून येणाऱ्या जेसन (JSON) डेटाला पायडँटिक ही कोड चालताना डेटा तपासणारी लायब्ररी, कारण तिथे चेकरचा काहीच उपयोग नाही.

कटकटी आहेतच. डेकोरेटर (फंक्शनवर चढवलेलं दुसरं फंक्शन) आणि जेनेरिक (अनेक प्रकारांवर चालणारा कोड) यांच्या हिंट वाचवत नाहीत, जँगोसारख्या (वेबसाइट बनवायची) पडद्यामागे जादू करणाऱ्या लायब्ररीला वेगळं प्लगइन लागतं, आणि एवढं करून कंपायलरवाल्या भाषेइतका भरवसा मिळत नाहीच. डेटाचं, स्क्रिप्टिंगचं काम असेल आणि लायब्ररी पायथनमध्येच असतील तर हे सगळं परवडतं. साधी बॅकएंड सर्व्हिस कोऱ्या पानावरून सुरू करायची असेल, माणसं सतत बदलणार असतील आणि हिंट लिहायला टीमचा विरोध असेल, तर मी सरळ गो किंवा कोटलिनसारखी कंपायलरवाली भाषा घेईन.